ह्यू रोजचे प्रशस्तिपत्र आता बाजूला ठेवू या

सातवीत असताना मी झाशीच्या राणीवर भाषण केले होते. वडिलांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून दिले होते आणि मी आठ दिवस घोकले होते. शेवटचे वाक्य टाळ्यांचे होते. साक्षात शत्रूचा सेनापती सर ह्यू रोज म्हणाला की बंडवाल्यांत ही एकटीच मर्द होती! टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. गेल्या जूनमध्ये एका कार्यक्रमात एका चुणचुणीत मुलीने जवळजवळ तेच भाषण केले आणि शेवटही त्याच वाक्याने केला. मधे पस्तीस वर्षे गेली होती. मी टाळ्या वाजवल्या, पण घरी आल्यावर मन स्वस्थ बसेना.

मला जे म्हणायचे आहे ते सरळ सांगतो. राणी लक्ष्मीबाईच्या शौर्यासाठी ह्यू रोजची साक्ष काढणे आपण थांबवावे. हा माणूस कोण होता, झाशीत त्याने काय केले आणि त्याबद्दल त्याला काय मिळाले, हे सारे गाळून आपण त्याचे तेवढे एक वाक्य उचलतो. त्या वाक्याच्या आड झाशी शहरातली हजारो माणसे दिसेनाशी होतात.

मुळात ते वाक्य आपण म्हणतो तसे नाही. ग्वाल्हेरच्या लढाईनंतर रोजने लिहिले त्याचा आशय असा की बंडखोरांच्या लष्करी नेत्यांत राणी सर्वांत शूर आणि सर्वांत उत्तम होती. तिचे औदार्य, तिची चिकाटी, तिचे मोठे घराणे यांचाही त्याने उल्लेख केला आणि याच गुणांमुळे ती सर्वांत धोकादायक होती असे म्हटले. ‘एकटीच मर्द’ हे रूप पुढे सांगोवांगी पक्के होत गेले. त्या रूपाबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. बाईने पराक्रम केला की तिला पुरुष ठरवायचे, आणि ते शत्रूच्या तोंडून ठरवून घ्यायचे, याचे आपल्याला एवढे अप्रूप का वाटावे?

आता हा रोज कोण ते पाहू. त्याचा जन्म १८०१ सालचा, बर्लिनमधला. बाप इंग्लंडचा मुत्सद्दी, आजोबा राजकारणी. १८२० साली तो सैन्यात शिरला. आयर्लंड, जिब्राल्टर, माल्टा अशा ठिकाणी नोकरी झाली. माल्टात साथ आली तेव्हा तो आपल्या आजारी शिपायांच्या खाटांपाशी जाऊन बसे अशी त्याची ख्याती होती. १८४० नंतर तो सीरियात गेला आणि तिथे ब्रिटनचा वकील (कॉन्सल जनरल) म्हणून राहिला. लेबननच्या डोंगरात ड्रुझ पंथाचे लोक आणि मारोनी ख्रिस्ती यांच्यात कत्तली चालू होत्या. १८४५ साली त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून शेकडो ख्रिस्ती माणसांना वेढ्यातून बाहेर काढले आणि बैरुतपर्यंत सोबत करून सुखरूप पोचवले. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलातीत आणि क्रिमियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याच्या छावणीत राणी व्हिक्टोरियाचा प्रतिनिधी म्हणून त्याने नाव मिळवले.

लेबननचा हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. रोज जन्मजात क्रूर होता असे मला म्हणायचे नाही. कत्तल म्हणजे काय हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. घरात लपलेल्या बायकामुलांना वाचवण्यासाठी माणसाने काय करायचे असते हे त्याला ठाऊक होते, आणि ते त्याने केलेही होते. तोच माणूस तेरा वर्षांनी झाशीच्या तटाबाहेर उभा राहिला.

१८५७ च्या सप्टेंबरात तो मुंबईत उतरला. त्याआधी हिंदुस्थानात त्याने एक दिवसही नोकरी केली नव्हती. वय ५६. प्रथम त्याला पुणे डिव्हिजनवर नेमले आणि डिसेंबरात इंदूर-महूकडे मध्य हिंदुस्थानच्या फौजेचा ताबा दिला. ही फौज मुख्यतः मुंबई सैन्याची होती. तिच्यात गोऱ्या पलटणी होत्या, निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटचे घोडेस्वार होते आणि मुंबईच्या देशी पायदळाच्या पलटणीही होत्या. मुंबईच्या देशी पलटणींत उत्तर हिंदुस्थानी शिपायांबरोबर कोकणातल्या आणि देशावरच्या माणसांचा मोठा भरणा असे. म्हणजे झाशीच्या तटाखाली मराठी दोन्ही बाजूंना बोलली जात होती. आत नेवाळकरांची सून होती, तिच्या आश्रयाला आलेले कऱ्हाडे, कोकणस्थ, देशस्थ होते. बाहेर पगारावर आलेले आपलेच गावकरी होते. हे आपल्या भाषणांत कधी येत नाही. त्या शिपायांना शिव्या द्याव्यात म्हणून मी हे सांगत नाही. रत्नागिरीच्या खडकाळ जमिनीवर पोट भरत नव्हते म्हणून माणसे पलटणीत जात होती. पण ‘इंग्रज विरुद्ध आपण’ एवढ्या सोप्या मांडणीत १८५८ बसत नाही, हे तरी मुलांना कळले पाहिजे.

रोज झपाट्याने निघाला. जानेवारीत राहतगड घेतला, ३ फेब्रुवारीला सागरच्या किल्ल्यात अडकलेल्या युरोपियनांची सुटका केली, मार्चच्या आरंभी मदनपूरची खिंड जिंकली आणि २१ मार्चला झाशीपुढे येऊन ठेपला. मधे वरून हुकूम आला होता की झाशी सोडून चरखारीच्या राजाच्या मदतीला जा. झाशी मागे ठेवून पुढे जाणे रोजला पटेना. गव्हर्नर जनरलचा एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन याने जबाबदारी स्वतःवर घेतली आणि फौज झाशीवरच गेली.

वेढा कसा घातला गेला ते नीट पाहावे. तोफा डागण्याआधी रोजने शहराभोवती घोडदळाचे फिरते तळ पेरले. आतून कोणी निसटू नये हा त्यांचा हेतू होता. मग तटावर मारा सुरू झाला. आतून राणीचा गोलंदाज गुलाम घौस खान याच्या तोफा उत्तर देत होत्या. तोफांपाशी बायका काम करताहेत, दारूगोळा वाहून नेताहेत, हे इंग्रजांना दुर्बिणीतून दिसत होते आणि रोजने ते आपल्या अहवालात नोंदवलेही. ३१ मार्चच्या सुमारास तात्या टोपे वीस हजारांहून जास्त फौज घेऊन बेतवा नदीपाशी आला. त्या रात्री झाशीच्या तटावर काय आनंद झाला असेल! रोजने वेढा उठवला नाही. पंधराशेच्या आसपास माणसे बाजूला काढली, १ एप्रिलला पहाटे तात्यावर चालून गेला आणि त्याची फौज उधळून लावली. लष्करी दृष्टीने हा निर्णय धाडसाचा होता, अचूक होता, आणि तो तसा मान्य करण्यात आपला काही कमीपणा नाही. तात्याची फौज संख्येने मोठी होती, पण तिच्या दोन फळ्यांत अंतर राहिले होते आणि पहिली मोडताच मागची तिला सावरू शकली नाही.

३ एप्रिलला शिड्या लावून आणि भगदाडातून इंग्रज शहरात घुसले. ४ तारखेच्या रात्री राणी निवडक लोकांनिशी किल्ल्यातून बाहेर पडली आणि काल्पीकडे गेली. आपले भाषण इथे घोड्यावर बसते आणि राणीबरोबर निघून जाते. पाठीला बांधलेले मूल, तटावरून घेतलेली उडी, चौफेर धावणारा घोडा. मागे शहर राहते, आणि त्या शहराचे काय झाले हे सांगायला कोणी थांबत नाही.

सांगायला एक माणूस मात्र थांबला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज, म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकाबरोबर उत्तरेत निघालेला हा भिक्षुक वाटेत बंडाच्या वावटळीत सापडला आणि राणीच्या आश्रयाने झाशीत राहिला. वेढ्यात तो आत होता, शहर पडले तेव्हाही आतच होता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने ‘माझा प्रवास’ लिहून ठेवला आणि तो १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला. झाशीत जे झाले त्याला गोडसे ‘विजन’ म्हणतो. गल्लोगल्ली, घरोघरी शिरून पुरुष सापडेल त्याला मारणे, घरांना आगी लावणे, मग लूट. लुटीतही क्रम होता. आधी सोने, चांदी, रोकड. मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, धान्य. जळत्या हलवाईपुऱ्याचे, रस्त्यांवर पडलेल्या प्रेतांचे, राणीच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे वर्णन त्याने केले आहे. हा माणूस इतिहासकार नव्हता, देशभक्तीचा लेखकही नव्हता. त्याच्या लिखाणात राजकारणाचा अभिनिवेश औषधालाही नाही. जीव मुठीत धरून लपलेल्या गरीब ब्राह्मणाने जे पाहिले ते आपल्या साध्या मराठीत लिहिले, आणि म्हणून त्यावर माझा भरवसा बसतो.

इंग्रजांच्या बाजूनेही कोणी हे नाकारले नाही. रोजच्या फौजेतला डॉक्टर थॉमस लो याने शहर पडताना मवाळ दयेला जागा नव्हती अशा अर्थाचे उद्गार लिहून ठेवले आहेत, तेही समाधानाने. झाशीतल्या मृतांचा पाच हजारांच्या आसपासचा आकडा ब्रिटिश लेखकांनीच दिला. रोजच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आत होते. या दोन आकड्यांमधली तफावत लढाईने एकटीने पडत नाही. राणीचे वडील मोरोपंत तांबे जखमी होऊन दतियाला पोचले, तिथून पकडून आणले गेले आणि झाशीत फासावर चढवले गेले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत साठ-एकसष्ट युरोपियन आणि ख्रिस्ती माणसे, बायकामुलांसह, किल्ला सोडून शरण आल्यावर मारली गेली होती. ते कृत्य बंडवाल्या शिपायांचे. राणीचा त्यात हात होता का यावर तेव्हापासून वाद आहे. नंतर काही काळ सागरच्या कमिशनर अर्स्किनने तिलाच कंपनीच्या वतीने कारभार पाहायला सांगितले होते, यावरून त्याचे तरी त्या वेळचे मत कळते. जोखनबागेत जे झाले ते अमानुष होते. पण त्याचा सूड हलवाईपुऱ्यातल्या हलवायाकडून घ्यायचा होता का? दहा महिन्यांनी शहरात जे सापडले त्यांतल्या बहुतेकांचा दोष एवढाच की ते झाशीत राहत होते. लेबननमध्ये गावकऱ्याला सैनिकापासून वेगळा ओळखणाऱ्या रोजला इथे तो फरक दिसला नसेल असे मी मानत नाही. वसाहतीच्या युद्धात तो फरक करण्याची गरज त्याला वाटली नाही, आणि त्याबद्दल जाब विचारणारेही कोणी नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ७ मेला कोंचची लढाई झाली. तिथे रोज उन्हाने पुन्हा पुन्हा कोसळला आणि डोक्यावर पाणी ओतून घेऊन परत घोड्यावर बसला. २२ आणि २३ मेला काल्पी पडली. प्रकृती ढासळल्याने तो रजेवर निघाला होता, तेवढ्यात राणी, तात्या आणि रावसाहेब पेशवे यांनी १ जूनला ग्वाल्हेर घेतल्याची बातमी आली आणि त्याने पुन्हा ताबा घेतला. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराईपाशी राणी पडली त्या चकमकीत रोज नव्हता. ती ब्रिगेडियर स्मिथची तुकडी होती, तिच्यातले आठव्या हुसार या गोऱ्या घोडदळाच्या पलटणीचे स्वार. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली चिंचेच्या झाडापाशी तिचे दहन झाले. तिथली राख आणि हाडे आपण पाहिली असे रोजने मागाहून लिहिले. म्हणजे आपण ज्याला साक्षीदार म्हणून उभा करतो त्याने राणीला समोरासमोर लढताना फारसे पाहिलेच नव्हते. तिला जवळून पाहिले होते ते गोडसेभटजींनी. तिच्या दिनक्रमाचे, दानधर्माचे, घोड्यावर बसण्याच्या सवयीचे वर्णन त्यांनीच केले आहे. आपल्या घरात ही साक्ष असताना आपण दुसरीकडे जातो.

शत्रू स्तुती करतो तेव्हा ती खरीच असणार, त्याला खोटे बोलायचे कारण काय, असे आपण धरून चालतो. कारण असते. हरवलेला शत्रू जेवढा मोठा तेवढा विजय मोठा. रोजला १८५८ सालीच ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या किताबाची सर्वोच्च श्रेणी मिळाली, पुढे पार्लमेंटने आभार मानले. १८६० साली तो आधी मुंबई सैन्याचा आणि काही महिन्यांतच साऱ्या हिंदुस्थानच्या सैन्याचा सरसेनापती झाला. १८६५ मध्ये आयर्लंडला गेला, तिथे फेनियन बंडखोरांचा बंदोबस्त केला. १८६६ साली त्याला उमरावपद मिळाले आणि आपल्या उपाधीत त्याने दोन ठिकाणांची नावे घेतली, स्कॉटलंडमधले स्ट्रॅथनेर्न आणि झाशी. लॉर्ड स्ट्रॅथनेर्न, स्ट्रॅथनेर्नचा आणि झाशीचा बॅरन. १८७७ साली तो फील्ड मार्शल झाला, १८८५ साली पॅरिसमध्ये वारला. झाशी हे नाव त्याच्या घराण्याच्या मानचिन्हासारखे झाले होते. त्या झाशीची राणी सामान्य असून त्याला चालण्यासारखे नव्हते. तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही. राणीबद्दलचा त्याचा आदर मनापासूनचा असेलही. पण त्या आदराने त्याचे काही गेले नाही, उलट मिळालेच, हे ध्यानात ठेवूनच ते वाक्य वाचायला हवे.

पैशाचाही एक धागा आहे आणि तो थेट आपल्या पेशव्यांच्या घरात जातो. राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव इंग्रजांची तनखा घेऊन बुंदेलखंडात करवीला राहिले होते. १८५८ च्या जूनमध्ये त्यांच्या वंशजांच्या वाड्यात जनरल व्हिटलॉकची मद्रासची फौज शिरली. प्रतिकार झाला नाही. पण खजिना, जडजवाहीर असा प्रचंड ऐवज हाती लागला. बांदा आणि करवीची लूट या नावाने हे प्रकरण गाजले. लूट कोणाच्या वाट्याची यावर इंग्रज सेनापतींतच दावा लागला. आमच्या विजयांमुळेच व्हिटलॉकला करवी आयती मिळाली, सबब आमच्याही फौजेचा हिस्सा आहे, असे रोजच्या बाजूचे म्हणणे होते. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी न्यायालयात डॉ. लशिंग्टन यांनी १८६६ साली निकाल दिला आणि रोजच्या फौजेचा दावा फेटाळला. मोठमोठे वकील बोलले, सैन्याच्या हालचालींचा कीस पडला. तो ऐवज ज्यांचा होता त्या घराचा हक्क काय, हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हताच. एखाद्या सेनापतीची कारकीर्द समजून घ्यायची तर किताबांच्या यादीबरोबर हा खटलाही वाचला पाहिजे.

१८९५ साली लंडनच्या नाइट्सब्रिजमध्ये रोजचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. त्याचा ब्राँझ मध्य हिंदुस्थानात जिंकलेल्या तोफा वितळवून केलेला होता. पुढे रस्त्यातली अडचण म्हणून तो तिथून काढला गेला आणि आता हॅम्पशायरमध्ये एका आडबाजूच्या ठिकाणी आहे. तो पाडा, परत आणा असे मी म्हणणार नाही. त्यांचा पुतळा, त्यांनी ठरवावे. आपण काय करायचे ते आपल्या हातात आहे.

राज्याच्या शाळांत १८५७ शिकवले जाते तेव्हा झाशीच्या धड्यात गोडसेभटजींच्या वर्णनातला एक उतारा असावा, मुलांना झेपेल एवढाच, पण असावा. जूनमधल्या भाषणांत राणीच्या बरोबरीने गुलाम घौस खानाचे, तोफांपाशी राबणाऱ्या त्या अनाम बायकांचे, मागे राहिलेल्या शहराचे नाव यावे. भाषण लिहून देणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की शेवटचे वाक्य बदला. राणी मोठी होती हे सांगायला तिचे स्वतःचे आयुष्य पुरते. दत्तक नामंजूर झाल्यावर तिने अर्जविनंत्यांची वाट आधी शेवटपर्यंत चालून पाहिली. कारभार हाती आला तेव्हा तो चालवला. वेढ्यात दोन आठवडे शहर झुंजवले, आणि ते हातचे गेल्यावर अडीच महिने उघड्या मैदानात लढत राहिली. वय तिशीच्या आतबाहेर.

गोडसेभटजी हाल सोसत, वाटेत लुटले जात अखेर वरसईला परत आले. पैसा हाती उरला नव्हता. खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. पुढे कधीतरी बसून झाशीच्या त्या दिवसांत पाहिलेले सगळे लिहून काढले. पुढच्या जूनमध्ये त्या मुलीने पुन्हा भाषण करायचे ठरवले, तर मी तिला त्या लिखाणातली झाशीची पाने वाचायला देणार आहे.